गादीवरून उठावे कधी?

शासकीय नोकरीत शिरणाऱ्या माणसाला आपण कोणत्या दिवशी निवृत्त होणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. सेवापुस्तकात जन्मतारीख नोंदली गेली की शेवटचा दिवसही त्याच क्षणी ठरतो. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र असे पान नसते. अमरावती, अकोला, कारंजा, खामगाव अशा वऱ्हाडातील कोणत्याही बाजारपेठेत पाहावे. ऐंशीच्या घरातील शेठजी सकाळी देवदर्शन आटोपून दुकानी येतात, गादीवर बसतात आणि गल्ल्याची किल्ली कमरेलाच ठेवतात. मुलगा पन्नाशीला टेकलेला असतो, नातू पदवी घेऊन आलेला असतो. तरी मालाचा भाव शेवटी ‘बाबूजींना विचारून’च ठरतो.

अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केला. येथील सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पांढऱ्या केसांची माणसे शेजारी शेजारी बसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, शेती मुलांवर सोपविलेले शेतकरी असतात आणि दुकान अद्याप न सुटलेले व्यापारीही असतात. शिक्षकाचे काम एका दिवसात, शाल-श्रीफळ घेऊन, संपलेले असते. व्यापाऱ्याचे काम संपतच नाही. एकाला रिकामपण छळते, दुसऱ्याला न उतरणारे ओझे. वार्धक्य आणि काम यांचे नाते नेमके कसे असावे, हा प्रश्न दोघांचाही आहे. या एका प्रश्नाला आपले संपूर्ण संशोधकीय आयुष्य वाहिलेले अभ्यासक जगात आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. त्यांनी काय शोधले आणि आपल्या घरांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

अठ्ठावन्न हा आकडा आला कोठून?

वयाच्या अमुक वर्षी माणूस कामाला निरुपयोगी होतो, असे कोणत्याही वैद्यकाने कधी सांगितलेले नाही. निवृत्तीचे वय ही राज्यकारभाराची सोय आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी वय ठरले ७० वर्षे. १९१६ मध्ये ते ६५ वर आणले गेले आणि पुढे अनेक देशांनी हाच आकडा उचलला. भारतात केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय प्रथम ५५ होते. १९६२ मध्ये ते ५८ झाले आणि १९९८ मध्ये ६०. महाराष्ट्र शासनात चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतात, तर त्यांच्या वरच्या श्रेणींतील अधिकारी व कर्मचारी ५८ व्या वर्षी. शिपाई साठीपर्यंत कामास योग्य आणि त्याचा अधिकारी अठ्ठावन्नलाच अयोग्य, असा काही निसर्गनियम नाही. हे आकडे तिजोरी, रिक्त जागा आणि तरुणांच्या नोकऱ्या यांचा मेळ घालून ठरलेले आहेत.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे व्यापारी कुटुंबाचे एक भाग्य स्पष्ट दिसते. आपल्यावर कोणताही आकडा लादलेला नाही. शरीर आणि बुद्धी साथ देईल तोवर काम करण्याची मोकळीक आपल्याला आहे. परंतु मोकळीक असली की निर्णय स्वतः घ्यावा लागतो, आणि नेमका हाच निर्णय आपल्या अनेक घरांत वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो.

देवनारचे अभ्यासक

मुंबईत देवनार येथे दोन नामवंत संस्था आहेत : १९३६ मध्ये सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आणि १९५६ मध्ये स्थापन झालेली, आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था. आपल्याकडे वृद्धत्वाचा शास्त्रीय अभ्यास रुजविण्यात दोघींचा वाटा मोठा आहे.

टाटा संस्थेतील के. जी. देसाई यांनी आर. डी. नाईक यांच्यासह बृहन्मुंबईतील निवृत्त लोकांच्या प्रश्नांचा अभ्यास केला, त्याला आता अर्धशतक उलटले आहे. देसाई यांनी संपादित केलेला भारतातील वार्धक्याविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९८२ मध्ये संस्थेनेच प्रसिद्ध केला. त्या काळी एकत्र कुटुंब आहे, मुले आहेत, मग म्हाताऱ्यांचा वेगळा प्रश्न तो कसला, अशीच सर्वसाधारण समजूत होती. अशा वेळी निवृत्त माणसाच्या दारात जाऊन ‘तुमचा दिवस कसा जातो, पैसा पुरतो का, घरात तुमचे कोण ऐकते’ हे विचारणे, हीच मोठी गोष्ट होती. निवृत्ती हा केवळ निवृत्तिवेतन कार्यालयाचा विषय न राहता माणसाच्या जगण्याचा विषय झाला, तो अशाच अभ्यासांमुळे.

दुसऱ्या संस्थेने या कामाला देशव्यापी रूप दिले. ‘लासी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. पंचेचाळीस व त्यापुढील वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तीत घेण्यात आली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना ठरावीक वर्षांनी पुन्हा भेटत राहावयाचे, म्हणजे वय वाढताना काय बदलते ते कळेल, अशी ही योजना आहे. या फेरीतून दिसले ते असे की, साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अजून काम करीत आहेत. निरोपसमारंभ होऊन विधिवत निवृत्त होणारा माणूस हा आपल्या देशात अपवाद आहे. शेतकरी, मजूर, कारागीर आणि दुकानदार हे बहुसंख्य लोक ‘होईल तोवर’ काम करतात. कुणी आवडीने करतो, कुणी नाइलाजाने. म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न निवृत्तीच्या तारखेचा नाही. वाढत्या वयात काम कसे असावे आणि अधिकार कसा हलका करावा, हा तो प्रश्न आहे.

चार मजल्यांचे घर

कामाच्या ठिकाणचे वार्धक्य हा विषय ज्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे, ते फिनलंडचे प्राध्यापक युहानी इल्मारिनेन. हेलसिंकी येथील व्यावसायिक आरोग्य संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नगरपालिकांच्या सहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास आरंभिला. तेव्हा ही माणसे ४४ ते ५८ वर्षांची होती. पुढे अनेक वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. वय वाढले म्हणजे सर्वांचीच कार्यक्षमता सारखी घसरते, हा समज त्यातून खोटा ठरला. बहुतेकांची कार्यक्षमता टिकून राहिली, काहींची खालावली आणि थोड्यांची चक्क सुधारली.

ही सुधारणा कशाने झाली? व्यायामाने, तेच ते हालचालींचे कष्ट कमी केल्याने, आणि सर्वांत ठळकपणे, वरिष्ठाच्या वागणुकीने. ज्या वृद्ध कर्मचाऱ्याच्या वरिष्ठाला त्याच्याविषयी आदर होता आणि जो त्याचे म्हणणे ऐकून घेत होता, त्या कर्मचाऱ्याची कार्यक्षमता वाढली.

या अभ्यासातून इल्मारिनेन यांनी कार्यक्षमतेचे एक घर कल्पिले. पहिला मजला आरोग्याचा, दुसरा ज्ञान आणि कौशल्याचा, तिसरा मूल्ये, वृत्ती आणि उत्साहाचा, तर चौथा प्रत्यक्ष कामाचा. त्यात कामाची जागा, कामाची रचना आणि वरिष्ठांचे वर्तन हे सारे आले. चौथा मजला जड झाला तर खालचे तीन दबतात. माणूस म्हातारा झाला म्हणून दोष त्याच्यावर टाकण्यापूर्वी, त्याच्यावर ठेवलेले काम त्याच्या वयाला साजेसे केले का, हे पाहावे, असा याचा अर्थ.

जर्मनीतील डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यू कारखान्यात २००७ मध्ये याच धर्तीवर एक प्रयोग झाला. एका उत्पादन विभागात मुद्दाम असे कामगार ठेवले की त्यांचे सरासरी वय ४७ व्हावे. कारखान्यातील कामगारांचे पुढील दहा वर्षांतले सरासरी वय तेवढे होणार होते. कामगारांनाच विचारून सुमारे ७० लहान सुधारणा केल्या गेल्या. पायाखाली लाकडी जमीन, मधूनमधून बसता येईल अशा खुर्च्या, बारीक काम दिसावे म्हणून भिंगे, मोठी अक्षरे, कामांची अदलाबदल, अशा त्या होत्या. खर्च सुमारे ४० हजार युरो आला आणि वर्षभरात त्या विभागाची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

आपल्या दुकानाकडे या दृष्टीने पाहावे. वयोवृद्ध शेठजी किंवा मुनीमजी चाळीस वर्षे गादीवर मांडी घालून बसले. आज गुडघे साथ देत नाहीत, तरी तिथे एक खुर्ची येत नाही, कारण ‘गादीची शोभा जाते’. पावतीची अक्षरे बारीक, दिवा मंद. नवीन संगणकावरचा हिशेब नातवाने एकदा घाईने दाखविला आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग घरात बोलले जाते, ‘दादांना आता काही उमजत नाही.’ यांपैकी किती दोष वयाचा आणि किती जागेचा, हे तपासण्यास चार-दोन हजार रुपये आणि थोडा संयम पुरे आहे.

राजा, सेनापती, राजदूत, राज्यपाल

इल्मारिनेन यांनी कामगारांकडे पाहिले. अमेरिकेतील जेफ्री सोननफेल्ड या प्राध्यापकांनी मालकांच्या निवृत्तीकडे पाहिले. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख पायउतार होतात तेव्हा काय घडते, यावरचा त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तेवरून जाणाऱ्या प्रमुखांचे त्यांनी चार प्रकार सांगितले आहेत.

पहिला राजा. तो मृत्यू आल्याखेरीज किंवा घरातील बंडाळी झाल्याखेरीज सिंहासन सोडत नाही. दुसरा सेनापती. तो नाइलाजाने जातो, पण डोळा परतण्यावर असतो. वारसाचे पाऊल चुकले की ‘मी होतो म्हणून टिकले’ असे म्हणत पुन्हा येऊन बसतो. तिसरा राजदूत. तो मानाने पद सोडतो, पेढीचा हितचिंतक आणि सल्लागार म्हणून राहतो, पण विचारल्याशिवाय सल्ला देत नाही. चौथा राज्यपाल. तो ठरावीक मुदत काम करतो आणि पुढे सर्वस्वी वेगळ्या कार्यात रमतो.

हे वर्णन वाचताना आपल्या ओळखीच्या चार पेढ्या कुणाच्या डोळ्यांपुढे येणार नाहीत? राजा जोवर धडधाकट आहे तोवर त्याच्या कारभाराची कुणाला तक्रार नसते. पण त्याच्या छायेत मुलगा पन्नाशीला पोहोचतो आणि तरी एकही मोठा निर्णय त्याने एकट्याने घेतलेला नसतो. मग एके दिवशी वडिलांचे देहावसान होते आणि बँकेची कागदपत्रे, उधारीच्या तोंडी बोली, कुणाशी कसा व्यवहार ठेवावा याचे ज्ञान, सारे त्यांच्यासोबत जाते. भावाभावांतील वाटणीचा वाद बहुधा याच पोकळीत जन्मतो. सेनापतीचे घर त्याहून अवघड. कारण तेथे कारभार सोपविल्याचे सर्वांना सांगितलेले असते, पण दुपारी चारला वडील दुकानी येतात आणि मुलाने सकाळी ठरविलेला भाव ग्राहकासमोर बदलतात. नोकर कोणाचे ऐकावे, या संभ्रमात पडतात. मुलगा मनातून खचतो आणि नातू शहरातील नोकरीचा अर्ज भरतो.

राजदूत होणे कठीण आहे, पण त्याचे बळ मोठे आहे. अनुभव पेढीतच राहतो आणि अधिकार पुढे जातो.

श्रावकाच्या पायऱ्या

येथे आपल्या परंपरेकडे वळणे अपरिहार्य ठरते. श्रावकाच्या अकरा प्रतिमा आपण लहानपणी पाठशाळेत म्हटलेल्या असतात. त्यांतील आठवी, नववी आणि दहावी या तीन पायऱ्यांचा क्रम निवृत्तीच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आठवी आरंभत्याग : शेती, व्यापार, उद्योग हे हिंसेला निमित्त होणारे व्यवहार स्वतः करणे सोडणे. नववी परिग्रहत्याग : धनधान्य, घरदार यांवरील स्वामित्व सोडणे. आणि दहावी अनुमतित्याग : घरातील व व्यापारातील कामांविषयी अनुमती देणेही सोडणे, ‘हे करा, ते करू नका’ असे म्हणणेही थांबविणे. श्वेतांबर परंपरेत नावे व क्रम काहीसे वेगळे आहेत. तेथे आरंभत्यागानंतर प्रेष्यत्याग येतो, म्हणजे नोकराचाकरांकडूनही ते काम करवून न घेणे.

या पायऱ्या मोक्षमार्गाच्या आहेत. दुकान चालविण्याची युक्ती म्हणून त्या सांगितलेल्या नाहीत, हे आधी नम्रपणे नमूद केले पाहिजे. तरीही त्यांतील क्रम मनुष्यस्वभावाची केवढी जाण दाखवितो! हाताने काम करणे आधी सुटते. त्यानंतर मालकी सुटते. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत कष्टाने सुटते ती अनुमती. ज्याने दुकान सोडले, तिजोरीची किल्ली दिली, त्यालाही ‘मला विचारले का नाही?’ हा एक प्रश्न सोडवत नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ज्या त्यागाला दहावे स्थान आहे, त्याचा अडसर आजच्या प्रत्येक पेढीत तितकाच जिवंत आहे.

तेराव्या शतकातील पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात परिग्रहत्यागाचा विधीच वर्णिला आहे. गृहस्थाने योग्य पुत्राला, किंवा तसा पुत्र नसेल तर तशाच योग्य गोत्रजाला बोलवावे आणि ज्ञातीतील ज्येष्ठांच्या व साधर्मिकांच्या समक्ष शांतपणे सांगून भार त्याच्यावर सोपवावा. यातील तीन गोष्टी मनावर कोरून घ्याव्यात. पहिली, ‘योग्य’ हा शब्द : ज्येष्ठ असणे पुरेसे नाही, पात्रता पाहावी. दुसरी, पुत्रच हवा असा हट्ट नाही. तिसरी, हे हस्तांतर चारचौघांच्या साक्षीने, उघडपणे व्हावे. म्हणजे देणाऱ्याला मागे फिरणे अवघड जाते आणि घेणाऱ्याचा अधिकार समाजाला ठाऊक होतो. आज याच्या जोडीला आणखी एक विचार हवा. योग्यता पाहताना मुलगी आणि सून यांच्याकडेही पाहावे. कित्येक घरांत हिशेबाला सर्वांत पक्की असलेली व्यक्ती स्वयंपाकघरात असते.

किल्ल्यांचा जुडगा

गृहिणीच्या निवृत्तीविषयी कुणी बोलत नाही, कारण तिच्या कामाला ‘काम’ म्हणण्याचीच आपल्याला सवय नाही. पण गादीचा जो प्रश्न, तोच कोठीच्या किल्ल्यांचा. सासूबाईंनी स्वयंपाकघर सोपविले असे म्हणावे आणि डब्यांची जागा बदलल्यावर दिवसभर अबोला धरावा, हेही अनुमती न सुटण्याचेच रूप आहे.

पुरुषाच्या निवृत्तीचा भारही पुष्कळदा तिच्यावरच येतो. चाळीस वर्षे दिवसभर बाहेर असलेला माणूस एकाएकी घरी बसतो आणि वेळ जात नाही म्हणून घरकारभारात लक्ष घालू लागतो. जपानी लोकांनी अशा नवऱ्याला ‘ओले गळलेले पान’ असे नाव दिले आहे. झाडू मारला तरी ते अंगणाला चिकटूनच राहते. थट्टा बोचरी आहे, पण तिच्यात एक सल्ला दडलेला आहे : दुकान सोडण्यापूर्वी, दुकानानंतरचा दिवस आखून ठेवावा.

बुद्धीच्या आरोग्यासाठीही हे गरजेचे आहे. सुसान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस या अभ्यासकांनी २०१० मध्ये अमेरिका, इंग्लंड व युरोपातील देशांची तुलना करून दाखविले की, जेथे लोक लवकर निवृत्त होतात तेथे साठीच्या आरंभी त्यांची स्मरणशक्तीही तुलनेने कमी आढळते. गादीवर अखेरपर्यंत बसून राहावे, असा याचा अर्थ नाही. मेंदूला रोज काही आव्हान हवे, एवढाच आहे. ते दुकानात मिळो, स्वाध्यायात मिळो वा एखाद्या संस्थेचे हिशेब तपासण्यात मिळो.

देणे कागदावर असावे

अधिकार सोडणे म्हणजे निराधार होणे नव्हे. भावनेच्या भरात सर्व काही मुलांच्या नावे करून नंतर औषधाच्या पैशांसाठी हात पसरण्याची वेळ आलेली उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये केंद्राने कायदा केला. त्याच्या २३ व्या कलमानुसार, मालमत्ता देताना घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट असेल आणि तो ती पाळीत नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. येथे अट महत्त्वाची आहे. म्हणून बक्षीसपत्र करताना ती स्पष्ट शब्दांत लिहावी. मुलावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर प्रेमाच्या व्यवहारातही हिशेब स्वच्छ असावा म्हणून. राहते घर व औषधपाण्यापुरते उत्पन्न पती-पत्नींनी स्वतःच्या नावे ठेवावे, इच्छापत्र वेळेवर करावे आणि उधारी-उसनवारीची तोंडी बोली एका वहीत उतरवून ठेवावी.

मुनीमजींचे काय?

आतापर्यंत मालकाच्या निवृत्तीचा विचार झाला. पण त्याच गादीच्या शेजारी आणखी कुणी म्हातारे झालेले असते. विसाव्या वर्षी दुकानी लागलेले मुनीमजी, पोती उचलणारा हमाल, तीस वर्षे माल पोहोचविणारा माणूस. ज्या दिवशी त्यांचे हात थांबतात त्या दिवशी त्यांना काय मिळते? चांगल्या घराण्यांत काही ना काही दिले जाते. पण ते उपकार म्हणून, मर्जीनुसार. वस्तुतः ते देणे आहे.

१९७२ पासून चालत आलेला ग्रॅच्युइटीचा नियम दहा वा अधिक नोकर असलेल्या दुकानांनाही लागू आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरून, असा त्याचा हिशेब आहे. शेवटचा पगार १३,००० रुपये आणि सेवा ३० वर्षे असेल, तर ही रक्कम २,२५,००० रुपये होते. ज्याने आपल्या तीन पिढ्यांचे जमाखर्च लिहिले, त्याच्यासाठी ही काही मोठी रक्कम नाही. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. माथाडी मंडळांमार्फत भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली. नोकर दहांपेक्षा कमी असतील तर कायदा सक्ती करीत नाही, पण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार वेगळ्या खात्यात टाकण्यास कोणी अडवीतही नाही. दुकानातील तरुण मुलांना १८ ते ४० या वयात अटल पेन्शन योजनेत (२०१५) किंवा श्रमयोगी मानधन योजनेत (२०१९) नाव नोंदविता येते. त्यांचा अर्ज भरून देणे आणि हप्त्याचा वाटा उचलणे, हे साधर्मिक वात्सल्याइतकेच पुण्याचे आहे. अपरिग्रहाची कसोटी मंदिराच्या बोलीत लागते, तशीच म्हाताऱ्या नोकराच्या हिशेबातही लागते.

गुरुकुंजाची शिकवण

गादीवरून उठल्यावर बसायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. येथे मोझरीकडे पाहावे. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ मधला, देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ चे. त्यांनी आपल्या खंजिरीवरच्या भजनांनी माणसे गोळा केली, पण काम स्वतःभोवती गोळा होऊ दिले नाही. श्रीगुरुदेव सेवा मंडळांच्या रूपाने ते गावोगावी वाटून टाकले. रोजच्या प्रार्थनेत, ग्रामसफाईत, श्रमदानात ते रुजविले. आणि एकेचाळीस अध्यायांच्या ग्रामगीतेत लिहून ठेवले. म्हणूनच ते गेल्याला अर्धशतक उलटून गेले तरी पुण्यतिथीला गुरुकुंजात मौन श्रद्धांजलीसाठी मोठा जनसमुदाय जमतो आणि मंडळाचे काम चालू आहे. कर्त्या माणसाच्या अनुपस्थितीत चालणारे काम, हीच त्याच्या कर्तृत्वाची खरी मोजणी.

निवृत्त माणसाला तीन गोष्टी लागतात : ठरलेली वेळ, जमणारी माणसे आणि आपला काही उपयोग आहे ही जाणीव. दुकान त्याला या तिन्ही देत होते. सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान यांच्या दिनक्रमातही या तिन्ही आहेत. आपल्या समाजातही जागा कमी नाहीत. कारंजा येथे १९१८ मध्ये सुरू झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमासारखी गुरुकुले आहेत, मंदिरांची ग्रंथभांडारे आहेत, गोशाळा, पाठशाळा, वसतिगृहे आहेत. चाळीस वर्षे बाजाराची नाडी ओळखणाऱ्या माणसाने तेथील खरेदी पाहावी, हिशेब तपासावे, होतकरू मुलांना व्यवहार शिकवावा. मात्र तेथेही विश्वस्तपदाची नवी गादी करून बसू नये, एवढे सांभाळावे.

निवृत्ती एका दिवसात होत नाही. पाच वर्षांची योजना करावी. पहिल्या वर्षी एक विभाग मुलाकडे पूर्णपणे द्यावा आणि त्यातील तोटाही त्याला सोसू द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बँकेचे व्यवहार आणि जुन्या आडतींच्या ओळखी सोपवाव्यात. चौथ्या वर्षी महिनाभर तीर्थयात्रेला जावे आणि दुकानाला दूरध्वनी करू नये. पाचव्या वर्षी दिवाळीच्या वहीपूजनाला, आप्तेष्टांच्या व ज्येष्ठांच्या समक्ष, नव्या वहीचे पहिले पान पुढच्या पिढीच्या हातात द्यावे आणि त्या पानावर काय लिहिले जाते ते वाकून पाहू नये.